आच बंद केल्यावर

ज्या दिवशी बिअर उकळताना गॅरेज, घर आणि शेजारच्यांचं अंगणसुद्धा वासाने भरून जातं, त्या दिवशी समजायचं की तेवढा वास आता बाटलीत येणार नाही. हे मला कळायला दोन वर्षं लागली. त्याआधी मी उलटंच समजत होतो, भांड्यातून संत्र्याच्या सालीसारखा, ओल्या गवतासारखा, फुलांसारखा वास उठला की मी खूश व्हायचो, बायकोला हाक मारायचो, बघ बघ काय वास सुटलाय! सुटलाय हाच शब्द बरोबर होता, फक्त तो कशातून सुटलाय आणि कुठे चाललाय हे मी लक्षात घेत नव्हतो.

आम्ही पोर्टलंडला राहतो, ओरेगॉनमधल्या. इथे घरी बिअर करणं हा अगदी साधा उद्योग आहे, ऑफिसातल्या चारातल्या एकाने तरी कधी ना कधी केलेली असते. एफ. एच. स्टाइनबार्ट नावाचं सामानाचं दुकान तर १९१८ पासूनचं आहे. पण देशाच्या कायद्याने हे मोकळं झालं ते फार नंतर, १४ ऑक्टोबर १९७८ ला राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी सही केली आणि १९७९ च्या फेब्रुवारीपासून घरापुरती बिअर करायला मुभा मिळाली, एका प्रौढ माणसाला वर्षाला १०० गॅलन, घरात दोन किंवा जास्त प्रौढ असतील तर २००, विकायची मात्र नाही. (महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली परवान्याशिवाय घरी असं काही करणं गुन्हा आहे, तेव्हा तिकडून वाचणाऱ्यांनी हे नुसतं वाचायचं, मनापासून सांगतोय.)

तर पहिली बॅच. एकोणीस-वीस लिटरची. साडेचार किलो टू-रो पेल माल्ट, म्हणजे सातूला मोड आणून वाळवलेला, आपण नाचणी सत्वासाठी मोड आणतो त्यातलाच प्रकार, आणि तीनशे ग्रॅमच्या वर थोडा क्रिस्टल माल्ट, रंगाला आणि जराशा गोडीला. ते ६६-६७ अंशाच्या पाण्यात तासभर ठेवायचं, त्यातल्या पिठाची साखर होते, मग गाळून ते गोड पाणी, त्याला वर्ट म्हणतात, तासभर उकळायचं. उकळताना हॉप्स टाकायचे, म्हणजे बिअरला कडूपणा आणि वास देणारी एका वेलाची वाळवलेली बोंडं. माझ्याकडे कॅस्केड जातीचे ८५ ग्रॅम होते, तीन छोटी पाकिटं, आणि मी ती तिन्ही उकळी फुटल्या फुटल्या टाकून दिली. डोक्यात आपलं घरचं गणित, मसाला जितका शिजेल तितका मुरेल, मटणाचा रस्सा लवकर उतरवला की कच्चा वास येतो, मग हॉप्सनी काय घोडं मारलंय.

पाच आठवड्यांनी बाटली उघडली. कडू. कारल्याचा रस पितात ना सकाळी, त्याच्या जवळपास. आणि वास काहीच नाही, म्हणजे माल्टचा ब्रेडसारखा होता थोडासा, पण ज्या वासासाठी मी हे सगळं आरंभलं होतं तो ग्रेपफ्रूटचा, फुलांचा, पाइनचा वास, त्याचा मागमूस नाही. ऑफिसातल्या एका मित्राने घोट घेतला, दुसरा घेतला आणि म्हणाला, पेल एल (फिकट रंगाची, हॉप्सच्या वासाची बिअर) आहे हे तू सांगितलंस म्हणून कळलं. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू.

हॉप म्हणजे एक वेल आहे, भांगेच्याच कुळातली, मादी वेलाला हिरवी हलकी बोंडं लागतात, कागदाच्या पाकळ्यांची असल्यासारखी. बोंड उभं फाडलं की पाकळ्यांच्या बुडाशी पिवळीजर्द पूड दिसते, हळदीसारखी पण चिकट. त्याला ल्युप्युलिन म्हणतात. सगळं जे काही आहे ते त्या पुडीत आहे, आणि गंमत अशी की त्यात दोन बिऱ्हाडं एकत्र राहतात ज्यांचं एकमेकांशी अजिबात पटत नाही. एक म्हणजे अल्फा ॲसिड्स. ती तशीच टाकली तर वर्टमध्ये नीट विरघळत पण नाहीत, त्यांना उकळी लागते, वेळ लागतो, उकळताना त्यांच्या रेणूची मांडणी बदलते आणि मग ती विरघळतात आणि कडू लागतात. तासभर उकळूनसुद्धा जेमतेम पाव भाग कामी येतो. दुसरं बिऱ्हाड म्हणजे सुगंधी तेलं, मर्सीन, लिनालूल, जेरॅनिऑल, ह्युम्युलीन आणि अशी कितीतरी. त्यांना आच सोसत नाही. म्हणजे कडूपणाला जो तास हवा असतो त्याच तासात वास निघून जातो. एकाच पाकिटातून दोन्ही हवं असेल तर हॉप्स एकदम टाकून चालतच नाही, थोडे आधी, थोडे शेवटी, आणि बरेचसे आच बंद केल्यावर.

हे सगळं पुस्तकातून वाचून मला माहीत झालं होतं, दुसऱ्या तिसऱ्या बॅचपासून मी शेवटच्या दहा मिनिटांत हॉप्स टाकायला लागलोही होतो आणि फरक पडत होता. पण कळलं असं म्हणता येणार नाही. कळलं ते आई आली तेव्हा.

आई खान्देशातली, तळोद्याकडची. तिचे वडील, त्यांना आम्ही दादा म्हणायचो, मी पहिलीत असताना गेले, मला त्यांची नुसती पांढरी टोपी आठवते. दसरा झाला की दादा सातपुड्याच्या पायथ्याला रोशाच्या भट्टीवर कामाला जायचे. रोशा म्हणजे गवत. गवती चहाच्याच जातकुळीचं, डोंगरउतारावर आपसूक येणारं, पावसाळा संपता संपता फुलोऱ्यावर येतं आणि तेव्हा त्याच्यात तेल असतं. ज्यांच्या घरी म्हातारी माणसं आहेत त्यांना माहीत असेल, गुडघे दुखले की रोशाचं तेल लावायचे. त्यातही दोन प्रकार, मोतिया आणि सोफिया, मोतियाचा वास गुलाबासारखा आणि भाव त्यालाच. एकेकाळी हे तेल खान्देशातून मुंबईला आणि मुंबईहून बोटीने पार तुर्कस्तानापर्यंत जायचं, तिकडे गुलाबाच्या अत्तरात ते मिसळायचे. भेसळच ती, पण भेसळ खपत होती याचा अर्थ वास तेवढा जुळत होता. त्याचं कारण साधं आहे, गुलाबात जे जेरॅनिऑल असतं तेच रोशाच्या तेलात असतं, आणि तेही थोडंथोडकं नाही, त्या तेलाचा मोठा हिस्सा म्हणजे जेरॅनिऑलच.

आता वर हॉप्समधल्या तेलांची नावं लिहिली आहेत त्यात तिसरं नाव बघा. मीही तोवर नीट बघितलं नव्हतं.

आई ऑगस्टमध्ये इथे होती. ऑगस्टच्या शेवटाला आणि सप्टेंबरात इथे हॉप्सची काढणी चालू असते, पोर्टलंडच्या दक्षिणेला विलामेट खोऱ्यात बऱ्याच वाड्या आहेत, वाड्या म्हणजे द्राक्षबागेची उंची तिप्पट करा, अठरा फुटी खांब, वरून तारा, तारांवरून दोऱ्या सोडलेल्या आणि प्रत्येक दोरीला वेल टोकापर्यंत गेलेला. वेल मुळाशी कापून अख्खाच्या अख्खा खाली ओढतात, ट्रॉलीत टाकतात आणि शेडमध्ये नेऊन यंत्राने बोंडं वेगळी करतात. मग ती भट्टीवजा मोठ्या खोलीत गरम हवेवर वाळवतात, कारण ताज्या बोंडात तीन चतुर्थांशाच्या वर पाणीच असतं, दोन दिवसात काळं पडेल. आम्ही एका शनिवारी अशाच एका वाडीवर गेलो होतो, नुसतं बघायला. आईला शेती बघायला कुठेही न्या, ती खूश असते, माती हातात घेते, पाणी कसं देतात विचारते आणि मी भाषांतर करत फिरतो.

तिथल्या माणसाने तिच्या हातावर दोन बोंडं ठेवली आणि चोळून दाखवायची खूण केली. कॅस्केडची होती. आईने दोन्ही तळव्यांत चोळली, भाकरीला पीठ लावून हात झटकतो तसे हात झटकले, मग तळवे नाकाजवळ नेले आणि तशीच थांबली. बराच वेळ. मला वाटलं झोंबलं की काय, कारण चोळल्यावर पहिला वास उग्र येतो, लसणाकडे झुकणारासुद्धा. मग ती म्हणाली, माझ्याकडे न बघताच, ‘हाऊ तं रोशाना वास शे.’

आई आमच्याशी एरवी अहिराणी बोलत नाही. मामाशी फोनवर बोलते, बाकी नाशिकला आल्यापासून बंदच. मी म्हटलं आई, रोशा कुठला इथे, तर म्हणाली, सगळा नाही रे, आत आहे, पहिला उग्र वास जाऊ दे, मग आतून येतो बघ. मी पण चोळलं, वाट बघितली. मला रोशा माहीत नाही, मला गुलाब आणि लिंबाची पानं असं काहीतरी आलं. पण ती बरोबर बोलत होती, पुस्तक उघडून बघायची गरज नव्हती, तिच्या नाकाने एका मिनिटात जेरॅनिऑल बाजूला काढून दाखवलं होतं.

त्या दिवशी गाडीत, आय-५ हायवेच्या ट्रॅफिकमध्ये, तिने भट्टीचं सगळं सांगितलं. सात-आठ वर्षांची असताना ती दादांना भाकरी घेऊन जायची. भट्टी नेहमी नाल्याकाठी, कारण गार पाणी वाहतं लागतं. तांब्याची मोठी डेग, त्यात गवत दाबून दाबून भरायचं, पाणी घालायचं, वर झाकण आणि झाकणाच्या कडेला ओल्या मातीचा लेप, कुठे फट राहता कामा नये. झाकणातून एक बांबूची नळी, तिच्यावर सुतळी गच्च गुंडाळलेली, आणि ती नळी नाल्यात ठेवलेल्या दुसऱ्या भांड्यात. खाली जाळ. वाफ नळीतून जाते, नाल्याच्या पाण्याने भांडं गार असतं तिथे ती परत पाणी होते, आणि त्या पाण्यावर तेल तरंगतं, पिवळसर, पातळ थर. तो वरच्यावर काढायचा. दादा जाळाकडे कमी आणि लेपाकडे जास्त बघायचे, कुठे माती वाळून तडा गेलाय का, आणि गेला की लगेच ओला हात फिरवायचे. वाफ सुटली की पैसे सुटले, असं म्हणायचे ते. लांबून चालत येणाऱ्याला भट्टीचा घमघमाट आला तर ती भट्टी वाईट, असं आई म्हणाली. चांगल्या भट्टीवर जवळ जाईपर्यंत वास येत नाही.

मला गाडी बाजूला घ्यावीशी वाटली.

कारण एक प्रश्न मला बरेच दिवस छळत होता. जेरॅनिऑलचा उत्कलनांक २३० अंशाच्या आसपास, लिनालूलचा १९८, सगळ्यात चटकन उडणारं मर्सीन धरलं तरी १६७. वर्ट तर शंभरालाच उकळतं. मग ही तेलं भांड्यातून जातातच कशी? उकळीला तर ती अजून आरामात बसलेली असायला हवीत. आणि उत्तर म्हणजे ती भट्टी. तेल आणि पाणी एकमेकांत मिसळत नाहीत, त्यामुळे गरम होताना दोघंही आपापला बाष्पदाब स्वतंत्रपणे देत राहतात, आणि दोघांचा मिळून बाहेरच्या हवेएवढा झाला की उकळी फुटते. म्हणजे तेलाला स्वतःच्या २३० पर्यंत जायची गरजच पडत नाही, पाण्याची वाफ निघते ती त्याला सोबत घेऊनच निघते. दादा हेच करत होते, गवतातलं तेल वाफेच्या पाठीवर बसवून नळीतून पलीकडे नेत होते. आणि मी माझ्या गॅरेजमध्ये झाकण नसलेल्या भांड्यात तासभर तीच भट्टी लावत होतो, फक्त नळी नव्हती, नाला नव्हता आणि लेप नव्हता. शेजाऱ्यांना वास येत होता.

उकळताना झाकण ठेवायचं तर तेही जमत नाही. माल्टमधून एक गंधकाचं संयुग तयार होत राहतं, शिजलेल्या मक्यासारखा वास येतो त्याचा, ते उकळीत बाहेर जायलाच हवं. म्हणजे वाफेबरोबर नको असलेलंही जातं आणि हवं असलेलंही. म्हणून हवं असलेलं आधी टाकायचंच नाही, एवढाच उपाय.

पुढच्या रविवारी बॅच लावली, आई स्टूल घेऊन गॅरेजमध्ये बसली. ती पीत नाही, आमच्या घरात कोणीच पीत नव्हतं, मी पितो हे तिने कधी मनावर घेतलं नाही पण कधी आवडलंय असंही नाही. त्या दिवशी मात्र तिला दारूशी काही देणंघेणं नव्हतं, तिला ते भांडं बघायचं होतं.

पोर्टलंडचं पाणी बुल रनच्या जंगलातून येतं, फार मऊ, त्यात क्षार जवळजवळ नाहीतच. पेल एलला ते तसंच वापरलं तर कडूपणा बोथट लागतो म्हणून थोडं जिप्सम घालतो. आणि नगरपालिका जंतू मारायला क्लोरामाइन घालते, ते काढायला कॅम्पडेनच्या गोळीचा एक तुकडा, नाहीतर बिअरला दवाखान्याचा वास येतो. हे झालं की मग बाकी नेहमीचं. उकळी फुटली तेव्हा मी फक्त १४ ग्रॅम मॅग्नम टाकले. मॅग्नम हा कडूपणाचा हॉप, अल्फा १२ टक्क्यांच्या आसपास, त्याच्याकडून वासाची अपेक्षाच नाही, तो तासभर उकळू दे बापडा. आईने विचारलं एवढेच? म्हटलं एवढेच. दहा मिनिटं राहिली असताना २८ ग्रॅम कॅस्केड. आणि मग गॅस बंद.

इथून पुढे जे आहे त्यात माझा खरा जीव आहे. गॅस बंद केला की लगेच हॉप्स टाकायचे असं पूर्वी मी करायचो, पण तेव्हा वर्ट ९८-९९ ला असतं, वाफ धो धो चालू असते, आणि अल्फा ॲसिड्सपण अजून कडू होतच असतात. म्हणून आधी तांब्याचं वेटोळं भांड्यात सोडतो, त्यातून बागेच्या नळाचं गार पाणी फिरवतो, आणि वर्ट ७७ ला आणून पाणी बंद करतो. आई ते वेटोळं बघून हसली. दादांची नळी गार पाण्यात आणि वाफ आत, तुझी नळी गरम पाण्यात आणि गार पाणी आत, म्हणाली. अगदी खरं आहे, धातूही दादांच्या डेगेचाच. ७७ ला उकळी नाही, कडूपणा जवळजवळ थांबतो, पण तेलं हॉप्समधून सुटून वर्टमध्ये उतरण्याइतकी ऊब असते. तेव्हा ५६ ग्रॅम कॅस्केड आणि ५६ ग्रॅम सिट्रा (ही हॉप्सचीच दुसरी जात), म्हणजे आधी टाकलेल्या सगळ्या हॉप्सच्या अडीचपटीच्या वर. एकदा ढवळायचं, झाकण ठेवायचं, वीस मिनिटं हात लावायचा नाही.

आई रोज चहा करते तेव्हा चहा उतरवल्यावर वेलची ठेचून टाकते आणि वर ताटली ठेवते. चाळीस वर्षं मी हे बघतोय. उकळत्या चहात तिने वेलची टाकलेली मला एकदाही आठवत नाही.

वीस मिनिटं झाली. मी झाकण उचललं आणि सवयीने बाजूला सिंककडे न्यायला लागलो, तर आई एकदम उठली, अरे अरे म्हणत. तिने माझ्या हातातून झाकण घेतलं. आतल्या बाजूला वाफेचे थेंब जमलेले होते, मोठाले, झाकणाला चिकटलेले. तिने झाकण भांड्यावर तिरकं धरलं, एका कडेला, आणि तर्जनीने आतून निपटलं, तूप निपटतात तसं, हळू, एकेक थेंब भांड्यात पडेपर्यंत. मग बोट नाकाशी नेलं. मग माझ्या नाकाशी धरलं.

त्या थेंबात जो वास होता तो मी आजवर कुठल्याही ग्लासात घेतलेला नाही. संत्र्याची साल, पिकलेला पेरू, आणि त्याच्या मागे शांतपणे गुलाब. (पेरूचा भास हा भास नाही, सिट्रामध्ये गंधकाची काही संयुगं अगदी कणभर असतात आणि त्यातलं एक खऱ्या पेरूतही असतं.) मी इतक्या बॅचेसमध्ये ते झाकण दरवेळी सिंकमध्ये झटकत होतो.

त्यानंतरचं काम म्हणजे हीच राखण पुढे चालवायची. वर्ट १८ अंशापर्यंत गार केलं, यीस्ट घातलं, यूएस-०५ चं साडेअकरा ग्रॅमचं पाकीट, साधं आणि भरवशाचं, स्वतःचा वास फारसा न सोडणारं. यीस्ट काम करायला लागलं की कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे निघतात आणि ते बुडबुडेसुद्धा वाफेसारखेच, जाताना वास घेऊन जातात. चार दिवस ज्या कपाटात बादली ठेवलेली असते ते कपाट घमघमतं. पण यीस्ट नुसतं नेत नाही, देतंही, जेरॅनिऑलचं थोडं थोडं सिट्रोनेलॉल करतं, म्हणजे गुलाबाला लिंबाची बाजू येते. वर्टमध्ये जो वास होता तोच बिअरमध्ये मिळत नाही, तो बदलून मिळतो, आणि मला हा बदल फार आवडतो. बुडबुडे शांत झाले की परत हॉप्स, यावेळी कोरडेच, थेट गार बिअरमध्ये, ८५ ग्रॅम, तीन दिवस. त्याहून जास्त ठेवले तर पाल्याचा तुरट वास उतरायला लागतो. आणि मग लगेच बाटल्या भरायच्या नाहीत! हॉप्समध्ये काही विकरं असतात, ती बिअरमधली उरलेली न पचणारी साखर फोडतात आणि यीस्ट परत जागं होतं. हे माहीत नसताना एकदा मी घाईने भरल्या होत्या, झाकण काढलं की निम्मी बाटली छताला. आता हायड्रोमीटरचा, म्हणजे बिअरची घनता मोजायच्या नळीचा, आकडा तीन दिवस एकच येईपर्यंत थांबतो, साधारण १.०१२ ला येऊन ठरतो, सुरुवात १.०५२ ची असते.

आणि ऑक्सिजन. याच्याबद्दल मी कितीही बोलू शकतो. तिसऱ्या वर्षी एक बॅच अशी झाली होती की बाटलीत भरायच्या दिवशी चाखली तर डोळे मिटावेत अशी, आणि मी ती बादलीतून बादलीत उंचावरून ओतली, साखर नीट मिसळावी म्हणून. तीन आठवड्यांनी रंग गडद आणि वास भिजलेल्या पुठ्ठ्याचा, वर मधासारखी शिळी गोडी. सगळ्या बाटल्या तशाच, एकही सुटली नाही. त्या ओतून देताना मला खरंच रडू आलं होतं, कारण वास तिथपर्यंत सांभाळून आणला होता आणि दारात सांडला. आता नळी बादलीच्या बुडाला टेकवून भरतो, बुडबुडा येऊ न देता. हॉप्सपण पाकीट उघडलं की उरलेले लगेच सीलबंद करून फ्रीजरमध्ये. एका दुकानातून एकदा स्वस्तात घेतलेली पाकिटं उघडली तर जुन्या चीजचा, घामट मोज्यांचा वास, उघड्यावर पडून राहिले की हॉप्सचं असं होतं, आणि त्यावर इलाज नाही.

मला कधी कधी वाटतं की हा कॅस्केड जिथे तयार झाला ते कॉर्वालिस आमच्यापासून दीड तासावर आहे. तिथल्या विद्यापीठात सरकारी हॉप संशोधनात १९५६ मध्ये त्याची सुरुवात झाली, इंग्लंडचा फगल आणि रशियातला सेरेब्रियान्का यांच्या वंशातून, आणि शेतकऱ्यांच्या हातात पडला १९७२ मध्ये. सोळा वर्षं एक वेल वाढवून, हुंगून, परत लावून बघणारी माणसं. मग १९७५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या अँकर ब्रुअरीने लिबर्टी एल या बिअरमध्ये तो वापरला, आणि १९८० मध्ये कॅलिफोर्नियातल्या चिकोमध्ये केन ग्रॉसमननी सिएरा नेवाडा ब्रुअरी सुरू केली, त्यांच्या पेल एलने तो वास देशभर नेला. ग्रॉसमन त्याच्या आधी चिकोतच घरी बिअर करणाऱ्यांसाठी सामानाचं दुकान चालवत होते. म्हणजे कुणाच्या तरी गॅरेजमधूनच हे सगळं निघालंय, आणि त्या माणसानेही कधीतरी हॉप्स फार लवकर टाकले असणारच.

रोशाच्या भट्ट्यांचं काय झालं, मी आईला विचारलं होतं. ती म्हणाली दादांच्या डोळ्यांदेखतच कमी होत गेल्या, गवत कमी झालं, व्यापारी कमी झाले, डेगेचं तांबं विकून टाकलं. मामाच्या घरी दादांची तेल काढायची पितळी वाटी आहे म्हणे, देवघरात, तिच्यात आता फुलं ठेवतात.

आई ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात गेली, बाटल्या भरल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी. भरताना १२० ग्रॅम डेक्स्ट्रोज, गॅस धरायला. दोन आठवडे कपाटात, मग फ्रीज. पहिली बाटली मी एकट्याने उघडली, रात्री, किचनमध्ये. झाकण निघाल्याबरोबर ओतायच्या आधी नाक लावलं. संत्रं आलं, पेरू आला, आणि ग्लास थोडा गरम होईपर्यंत हातात धरून बसल्यावर तो मागचा, तिने वाडीवर सांगितलेला, आत आहे म्हणालेली तो. मी तो आता कुठेही ओळखेन. कडूपणा मागून येतो, हळू, जिभेच्या बुडाशी थांबतो, वासाच्या वाटेत येत नाही.

पाडव्याला तिचा व्हिडिओ कॉल आला. मामा पण होता, मागे देवघर दिसत होतं. सगळ्यांची खुशाली झाली, फराळ झाला, नातवाने गाणं म्हणून दाखवलं. मग ती जरा कॅमेऱ्याजवळ आली आणि विचारलं, राहिला का रे वास?

राहिला, म्हटलं. पण आठवड्या-आठवड्याला थोडा थोडा कमी होत जातो गं, बाटलीतसुद्धा, कितीही जपलं तरी.

‘मग ठेवतो कशाला,’ आई म्हणाली, ‘संपव.’